वस्तादांनी काय सांगितलं नाही

उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा वस्तादांनी सगळ्यात आधी गिऱ्हाइकांना खाली घेतलं.

सलूनची खुर्ची जेवढी उतरते तेवढी उतरवली. तरी उंच माणसांची टाळू हाती लागेना. मग ‘जरा घसरून बसा साहेब’ सुरू झालं. एक बँकेतले साहेब घसरता घसरता थेट फरशीवर पोचले, आणि तिथून त्यांनी ‘मागून फार बारीक नको’ एवढीच सूचना केली. महिनाभरात त्या गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांची डोकी एकाच घाटाची दिसू लागली. कानांशेजारी झाडलेलं अंगण, वर माजलेलं रान. वस्तादांचा हात कानापर्यंत जात होता, त्यामुळे केसही कानापर्यंतच कापले जात होते.

आणि कुणी एक शब्द बोललं नाही! आरसा समोर होता, डोळे जागेवर होते. पण ‘वस्तादांना वाईट वाटेल’ म्हणून लोकांनी टोप्या विकत घेतल्या. नागरिकहो, राग येतो तो इथे. तोंड आपल्या सगळ्यांना आहे, दिवसभर ते चालूही असतं. फक्त जिथे उघडायला हवं तिथे नेमकं मिटतं.

वस्तादांचं स्वतःचं तोंड तर दोन वर्षांपासून मिटलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली, म्हणून डॉक्टरांनी ती काढून धातूची बसवली. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये यासाठी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज घ्यायची, न चुकता, जन्मभर. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: वस्तादांना, त्यांच्या बायकोला आणि साडूंना. साडूंना, कारण हॉस्पिटलला न्यायला गाडी त्यांची होती. बाकी जगाला सांगितलं गेलं की वस्ताद केशरचनेच्या मोठ्या शिक्षणाला गेलेत.

‘अगं, लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरतो मी,’ वस्ताद बायकोला म्हणाले होते. ‘धरणाऱ्याचं काळीजच दुरुस्तीला जाऊन आलंय म्हटल्यावर माझ्यापुढे मान कोण वर करेल?’

परत आल्यावर लोक विचारू लागले, नवं काय शिकलात? तेव्हा त्यांना घाईघाईने दोन नव्या तऱ्हा शोधून काढाव्या लागल्या. त्यातली एक, ‘परदेशी उतार’, अजून चालते.

झडप मात्र गप्प बसणारी नव्हती. ती टक्-टक् वाजायची. शांत दुपारी वस्ताद दाढीला वाकले की गिऱ्हाइकाच्या कानाशी अगदी स्पष्ट. त्यावर तोडगा म्हणून दुकानात दोन मोठी, दणदणीत वाजणारी घड्याळं लागली. एकदा दोन्ही बंद पडली तरी टक्-टक् चालूच. ‘सेल संपत आला की असंच करतात,’ वस्तादांनी खुलासा केला. गिऱ्हाइकाने पटल्यासारखे डोळे मिटले. गळ्यावर वस्तरा असताना माणूस घड्याळांविषयी वाद घालत नाही.

तर, खांदा. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांधा आखडलाय, वेळ लागेल, व्यायाम करा. भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची, दिवसातून तीनदा. वस्तादांनी ती दोन दिवस चालवली. तिसऱ्या दिवशी दुखलं म्हणून बोटं खाली उतरली, ती उतरलीच. इकडे एकेक गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात वळायला लागलं. बावीस वर्षं चालवलेली कात्री दोन महिन्यांत खाली ठेवावी लागणार, असं वस्तादांना दिसू लागलं.

अशा वेळी घरी साडू आले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मोठे कारकून. पाणी सोडून उरलेल्या सर्व विषयांची त्यांना माहिती होती.

‘अरे, हात वर होत नाही म्हणजे काय? अॅक्युपंक्चर कर! सुया टोचतात. एकच बैठक. आत जाताना हात असा,’ साडूंनी हात लोंबता सोडला, ‘आणि बाहेर येताना असा!’ तो त्यांनी इतक्या जोरात वर फेकला की टांगलेला दिवा गरगरायला लागला.

‘दुखतं का हो, साडूभाऊ?’

‘छे छे. पण एक लक्षात ठेव. तिथे आपण होऊन काही सांगायचं नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय म्हणजे? ते लोक नाडी बघतात. खरा जाणकार असेल तर नाडीवरून सगळं ओळखेल. तूच सगळं सांगून मोकळा झालास तर त्याची परीक्षा कशी होणार? आपण आजार लपवायचा आणि बघायचं, सापडतो का.’

‘आणि ती गोळी? सुई टोचल्यावर रक्त थांबलंच नाही तर?’

‘चार दिवस बंद ठेव. रक्त घट्ट, सुई कोरडी, कुणाला सांगायचा प्रश्नच नाही. साधं गणित आहे.’

गणित साधंच होतं. वस्ताद मरण्याची शक्यता तेवढी हातचा धरायची राहिली होती.

बायको तेव्हा कामावर होती. ती बसस्थानकावर घोषणा करायची. घरी असती तर साडूंची गाडी फलाटावरून तिथेच परत पाठवली असती. पण ती नव्हती, आणि वस्तादांनी तिलाही काही सांगितलं नाही. शनिवारपासून ती रोज सकाळी समोर ठेवी ती गोळी ते गालात धरत आणि तिची पाठ वळली की मनीप्लांटच्या कुंडीत टाकत. मनीप्लांटचं रक्त पातळ झालं असेल तर त्याने तसं बोलून दाखवलं नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडताना एक प्रकार झाला. खुंटीवरच्या कापडाचं नाव वस्तादांना आठवेना. ‘तो... ते... पुसायचं,’ ते स्वतःशीच म्हणाले, आणि तेही तोंडातून नीट येईना. उजव्या हाताची बोटं दुसऱ्याची असल्यासारखी झाली. पाचेक मिनिटांत सगळं जागेवर आलं. टॉवेल! त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, खांद्याला एक शिवी हासडली आणि सुया टोचून घ्यायला निघाले.

अॅक्युपंक्चरच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होता. फोनवर त्यांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. उपाशी येऊ नका, सैल कपडे घाला, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणा. वस्ताद उपाशी आले, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात आले आणि मोकळ्या हाताने आले.

आधी एक छापील फॉर्म भरायला मिळाला. आजार: नाही. शस्त्रक्रिया: नाही. चालू औषधं: नाही. नाही, नाही, नाही! एखाद्या अर्भकाचासुद्धा इतका कोरा फॉर्म नसेल.

मग बाईंनी प्रश्न सुरू केले. दुखणं कधीपासून? कुठल्या कुशीवर झोपता? झोप पुरी होते? पोट साफ? थंडी जास्त वाजते की उकाडा सोसत नाही? पूर्वी कधी सुई टोचताना चक्कर आलीय? मग म्हणाल्या, ‘जीभ दाखवा.’

वस्तादांचा पारा चढला. ‘बाई, खांदा इकडे आहे.’

‘दिसतोय मला. जीभही बघायची असते आमच्यात. पहिल्या दिवशी सुया कमी आणि बोलणं जास्त. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?’

‘मला सांगितलं होतं की हात वर होतो.’

‘ते ज्याने सांगितलं त्यालाच विचारा. मी असं कुणाला सांगत नाही. दुखणं कमी व्हायला मदत होते, ती काहींना होते, काहींना नाही. चारपाच वेळा येऊन बघायचं आणि व्यायाम सोडायचा नाही. शर्ट काढता ना?’

‘वरूनच टोचा.’

‘शर्टावरून?’

‘पातळ आहे कापड.’

बाईंनी लांब श्वास घेतला. ‘बरं, आधी नाडी बघू. आडवे व्हा.’

वस्ताद आडवे झाले. बाईंनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता.

टक्. टक्. टक्.

‘हा कसला आवाज?’ बाईंनी विचारलं.

‘घड्याळ,’ वस्ताद सवयीने म्हणाले.

‘या खोलीत घड्याळ नाही. झोपल्या झोपल्या पेशंट सारखे वेळ बघतात, म्हणून मी लावलंच नाही.’

‘मग शेजारच्या खोलीतलं असेल.’

‘शेजारी जिना आहे.’

‘जिन्यात कुणीतरी घड्याळ घालून उभं असेल.’

बाईंनी जिन्यात डोकावूनही पाहिलं नाही. वस्तादांनी श्वास रोखून धरला. श्वास थांबला, चेहरा जांभळा झाला, टक्-टक् मात्र तशीच.

‘श्वास सोडा,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. ‘हे घड्याळ तुमच्या नाडीबरोबर चालतंय. बटणं काढा.’

आता लपवायला जागाच उरली नव्हती. वस्तादांनी बटणं काढली. छातीच्या मधोमध गळ्यापासून खाली उतरत गेलेली उभी खूण बाईंनी पाहिली. मग त्यांनी तो फॉर्म उचलला आणि वस्तादांच्या नाकासमोर धरला.

‘शस्त्रक्रिया, नाही! हे काय आहे मग? मांजराने ओरबाडलंय?’

‘तुम्ही ओळखताय का ते बघत होतो,’ वस्ताद पुटपुटले. ‘खरा जाणकार नाडीवरून...’

‘आणि ओळखलं नसतं तर?’ बाईंचा आवाज जिन्यात पोचला. ‘परीक्षा माझी, आणि नापास झाल्यावर तिरडी तुमची? अहो, तुम्ही काम काय करता?’

‘केस कापतो. दाढी करतो.’

‘दाढी करायच्या आधी काय करता?’

‘अंगठा फिरवतो गालावरून. विचारतो, फोड आहे का, चामखीळ आहे का, कुठे जखम आहे का.’

‘का विचारता? वस्ताद आहात ना? वस्तऱ्यालाच ओळखू द्या की!’

वस्तादांना एक गिऱ्हाईक आठवलं. मागे एका माणसाने हनुवटीखालचं गळू लपवलं होतं. ते कापलं गेलं तेव्हा वस्तादांनी त्याला फेसासकट दुकानाबाहेर काढलं होतं. ‘सांगायला जीभ झिजते का?’ असं ते रस्त्यात उभं राहून ओरडले होते. तो माणूसही जाता जाता हेच म्हणाला होता, मला वाटलं तुम्हाला दिसेल.

‘रक्त पातळ करायची गोळी चालू असेल,’ बाई म्हणाल्या. ‘आज घेतली?’

‘नाही.’

‘काल?’

वस्तादांनी छताकडे पाहिलं. ‘शुक्रवारी घेतली होती. सुईने रक्त येऊ नये म्हणून...’

बाई ताडकन उठल्या. ‘चार दिवस! अहो, गोळी चालू आहे एवढं सांगितलं असतं तर मी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, कमी सुया, वरवर लावून, जपून काम केलं असतं. नाहीतर नको म्हटलं असतं. सुईने येऊन येऊन किती रक्त येतं? कापसाच्या बोळ्याएवढं! तेवढ्यासाठी तुम्ही धातूच्या झडपेवर गुठळी धरायला रान मोकळं सोडलंत? आज सकाळपासून काही वेगळं वाटलं? बोलताना, बघताना, हातापायात?’

‘तसं काही नाही. एकदा टॉवेल आठवत नव्हता.’

‘काय?’

‘टॉवेल हा शब्द. आणि बोटं जरा बधिर. पाच मिनिटं. खांद्यामुळेच असणार.’

बाईंनी एकही सुई न उघडता फोन उचलला आणि अॅम्ब्युलन्स बोलावली.

त्या दिवशी वस्ताद वाचले. हॉस्पिटलमध्ये कळलं की टॉवेल खांद्यामुळे हरवला नव्हता. रक्ताची एक बारीक गुठळी मेंदूच्या वाटेवर जाऊन, थोडी अडून, सुदैवाने विरघळली होती. पुढची विरघळली असती की नाही, याची खात्री कुणालाच देता येत नव्हती. रक्ताचा रिपोर्ट बघून हृदयाच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं सुरू केली आणि मग एका दमात असं काही सुनावलं की शेजारच्या खाटेवरचा पेशंटही ‘पुन्हा नाही करणार’ म्हणाला.

बायको बसस्थानकावरून गणवेशातच आली. ती चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट सपाट होई आणि एकेक शब्द सुटा पडे.

‘लक्ष द्या,’ ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली. ‘खाट क्रमांक सातच्या प्रवाशांनी शनिवारपासून गोळी कुठे टाकली, ते ताबडतोब सांगावं.’

‘मनीप्लांटमध्ये,’ वस्ताद उशीत म्हणाले.

‘कुणाच्या सांगण्यावरून?’

तेवढ्यात साडू शहाळं घेऊन आत शिरले. उत्तर आपल्या पायांनी चालत आलेलं पाहून बायको वळली.

‘या, भावोजी. बसू नका. तुम्ही स्वतः किती वेळा सुया टोचून घेतल्यात?’

‘मी?’ साडू शहाळं छातीशी धरून म्हणाले. ‘मी कशाला घेऊ? मला सुईची भीती वाटते. आमच्या साहेबांच्या ड्रायव्हरच्या शेजाऱ्याने घेतल्या होत्या.’

‘त्याचा हात वर झाला?’

‘त्याचा गुडघा होता.’

‘गुडघा!’ बायकोचा सपाट आवाज पहिल्यांदाच फाटला. ‘गुडघ्याच्या भरवशावर तुम्ही माझ्या माणसाची गोळी बंद केलीत? तुमच्या कचेरीत कुणी पाण्याचा एक नळ बदलायचा म्हटला तरी तुम्ही तीन सह्या मागता, भावोजी! इथे एका जिवाची गोळी बंद करताना एकसुद्धा सही लागली नाही?’

‘मी फक्त सुचवलं होतं...’

‘आणि तुम्ही!’ ती खाटेकडे वळली. ‘दोन वर्षं मी तुमच्यासाठी खोटं बोलले. शिक्षणाला गेलेत म्हणाले. भाजीवालीला परदेशी उतार समजावून सांगितला मी! जगापासून लपवलंत, मी काही बोलले नाही. माझ्यापासून लपवलंत? ती बाई आज मुकाट्याने सुया लावून मोकळी झाली असती, तर उद्या मी काय घोषणा करणार होते? सांगा ना! कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटली म्हणून सांगणार होते?’

वॉर्डात टक्-टक् तेवढी ऐकू येत होती. नर्ससुद्धा जागच्या जागी थांबली होती.

वस्ताद उशीला टेकून उठून बसले. ‘माझ्या खुर्चीत लोक काय काय सांगतात,’ ते म्हणाले. ‘मूळव्याध सांगतात, छातीतली कळ सांगतात, लघवीतलं रक्त सांगतात. मी म्हणतो, डॉक्टरला सांगितलंत का? तर म्हणतात, छे हो, त्याला ओळखता यायला नको का? मी हसायचो. बावीस वर्षं हसलो आणि शेवटी तेच केलं!’

‘झालं बोलून?’ बायको म्हणाली.

‘नाही. चुकलो मी.’

‘हे आधी बोलायचं,’ ती म्हणाली, आणि साडूंच्या हातातलं शहाळं काढून घेतलं.

सहा दिवसांनी वस्ताद घरी आले. रक्ताचा रिपोर्ट काही आठवडे नीट राहिल्यावर त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना तोंड उघडून विचारलं, अॅक्युपंक्चर करू का? डॉक्टरांनी सुयांच्या बाईंना फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले, मध्ये थोडे भांडलेही. शेवटी ठरलं की खांद्याचं खरं काम व्यायामच करणार. सुयांनी दुखणं थोडं हटून व्यायाम जमत असेल तर वस्तादांपुरती हरकत नाही. पण सुया मोजक्याच, फार खोल नाहीत, रिपोर्ट ठीक असतानाच, आणि गोळी एक दिवसही बंद नाही.

दुसऱ्या खेपेला वस्ताद जेवून गेले, ढगळ शर्टात गेले, औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन गेले आणि सोबत बायको. फॉर्म नवा भरला. जागा अपुरी पडली तेव्हा पाठीमागे लिहिलं. बायकोने तो घोषणेसारखा मोठ्याने वाचून दाखवला, बाहेर बसलेल्या दोघांनी ते ऐकून आपले फॉर्म परत मागून घेतले.

बाईंनी सुयांचं बंद पाकीट वस्तादांच्या समोर फोडलं. ‘कुठेही गेलात तरी हे बघायचं,’ त्या म्हणाल्या. ‘सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. शंका आली तर विचारायचं, आणि विचारलेलं ज्याला खपत नाही तिथून उठायचं.’

बाईंनी उजेडात धरलेली सुई जन्मभर केसांची पारख केलेल्या माणसाने निरखून पाहिली. ‘दाढीच्या केसाएवढी आहे,’ त्यांनी निकाल दिला. ‘तीही दोन दिवसांच्या दाढीच्या.’

पहिली सुई डासाने विचार करून चावावं तशी लागली. दुसरी कळलीच नाही. तिसरीला खांद्यात जडपणा आला, आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखा. ‘असं जड, दुखरं वाटतं,’ बाईंनी सांगितलं. ‘पण चटका बसला, कळ हातात उतरली, चक्कर आली, तर लगेच बोलायचं. सहन करून दाखवायची इथे बक्षिसं नाहीत.’ वीस मिनिटं वस्ताद निपचित पडून राहिले. सुया निघाल्या, त्या थेट जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकल्या गेल्या. एका जागी रक्ताचा ठिपका आला, बाईंनी बराच वेळ कापूस दाबून धरला. दुसऱ्या दिवशी तिथे नाण्याएवढं निळं झालं.

हात किती वर गेला? दोन बोटं! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आला. वस्ताद चिडून फोन करायला निघाले. मग ‘मी असं कुणाला सांगत नाही’ हे बाईंचं वाक्य आठवून, भिंतीवरून बोटं चालवायला लागले. सुयांच्या आठ खेपा झाल्या. भिंतीवर बोटांची मळकट वाट उमटली. तिसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या टाळूपर्यंत कात्री पोचली, तेव्हा ते गिऱ्हाईक दचकलं. सुयांनी किती झालं, व्यायामाने किती आणि नुसत्या दिवसांनी किती, हे बाईंनाही छातीठोकपणे सांगता येईना. वस्तादांना ती बाई आवडली, ती त्यामुळेच.

आता दाढीला बसणाऱ्या प्रत्येकाला वस्ताद आधी सांगतात, ‘माझ्या छातीत धातूची झडप आहे. ती वाजते. हात आता बरा आहे. पटत असेल तर मान वर करा.’ दोनतीन माणसं उठून गेली. बाकीच्यांनी मान वर केली.

मागच्या रविवारी साडू आले. मान वर केली, फेस लावून घेतला आणि गप्पा सुरू केल्या.

‘मला हल्ली भोवळ येते रे. परवा स्कूटरवर डोळ्यांपुढे अंधारी आली. फुटपाथवरच चढलो.’

वस्तादांचा वस्तरा थांबला. ‘डॉक्टरकडे गेलात?’

‘कालच गेलो. सर्दीचं औषध दिलं.’

‘भोवळीचं काय म्हणाले?’

‘तो विषय मी काढलाच नाही. म्हटलं, बघू, ओळखतोय का.’

दुकानात बसलेल्यांची वर्तमानपत्रं खाली आली. वस्तादांनी वस्तरा मिटून ठेवला. मग ते इतक्या जोरात ओरडले की समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला.

‘अजून? माझी खाट बघून आलात ना? शहाळं घेऊन आला होतात ना? फुटपाथवर एखादं पोर असतं तर? त्यालाही ओळखायला लावलं असतंत, की चाक कुठून येतंय? काढा फोन!’

‘अरे, फेस तरी...’

‘फेस वाळू दे! डॉक्टरला सांगितल्याशिवाय या गालाला वस्तरा लागणार नाही!’

साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. एकही माणूस त्यांच्या बाजूने दिसेना. त्यांनी फोन लावला आणि फेसाने भरलेल्या गालापासून जरा दूर धरला.

‘हॅलो, डॉक्टर? मी काल आलो होतो, सर्दीसाठी. एक सांगायचं राहिलं.’ त्यांनी वर पाहिलं. आरशात वस्ताद दिसत होते. ‘नाही, राहिलं नव्हतं. मी लपवलं होतं.’

नागरिकहो, सुया असोत, गोळ्या असोत की साधी पट्टी असो, उपचार करणारा माणूस अंतर्ज्ञानी नसतो, आणि त्याची परीक्षा घ्यायला आपला जीव ही काही प्रश्नपत्रिका नव्हे. काय झालंय, काय घेतोय, कशाची भीती वाटते, ते सगळं सांगा. तो काय करणार आहे, तेही विचारून घ्या. चालू औषध ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सल्ला देणारा कितीही जवळचा असो. आणि कुणी म्हणालंच की बघू, ओळखतोय का, तर कृपा करून गप्प बसू नका. ओरडा!